विंचूदंश : वेदनेपेक्षा घामाकडे लक्ष द्या

भातकापणीचे दिवस होते. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि पेण यांच्या दरम्यान जिते नावाचे लहानसे स्थानक आहे. त्या पंचक्रोशीतून एकाच संध्याकाळी विंचू चावलेले दोन रुग्ण माझ्याकडे आले. पहिला चाळिशीतला शेतकरी. भाताचा भारा उचलताना त्याच्या बोटाला दंश झाला होता. तो हात घट्ट धरून मोठमोठ्याने ओरडत होता, सोबतची चार माणसे त्याला सावरत होती. दुसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा. वडिलांनी त्याला सायकलवर पुढे बसवून आणले होते. पायाला विंचू लागला, एवढेच त्यांनी सांगितले. मूल रडत नव्हते. दंशाच्या जागी विचारले तर ‘थोडे दुखते’ म्हणत होते. वाटेत दोनदा उलटी झाली होती.

मी माझा बहुतेक वेळ त्या शेतकऱ्याला दिला. मुलाला वेदनाशामक व ॲलर्जीविरोधी औषध देऊन घरी पाठवले. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, हे मी पाहिले होते. ऑक्टोबरचा उकाडा आहे, लांबून आले आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला. रात्री एकच्या सुमारास वडील त्याला पुन्हा घेऊन आले. हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावती, श्वासाला धाप आणि खोकल्यासोबत तोंडाला गुलाबीसर फेस. शेतकरी त्या वेळी घरी शांत झोपलेला होता.

वाचकहो, ते मूल वाचले. कसे वाचले ते पुढे येईलच. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांतील माझी ही चूक सांगण्याचे कारण असे की, हीच चूक आजही घराघरांत होते. दंशाची तीव्रता आपण वेदनेवरून ठरवतो. लाल विंचवाच्या बाबतीत तो हिशेब बहुधा उलटा असतो. जागेवर असह्य कळा आहेत, पण उलटी, घाम, गार हातपाय यांपैकी काहीच नाही, असा रुग्ण बहुतेक वेळा धोक्याबाहेर असतो. ज्याला फारसे दुखत नाही, पण ज्याचे कपडे घामाने भिजले आहेत, त्याच्याकडे प्रथम धाव घ्यावी.

संत एकनाथांच्या विंचवावरील भारुडातही दंशानंतर अंगाला आलेल्या घामाचा उल्लेख आहे. भारुडाचा रोख अर्थातच काम-क्रोधावर आहे. परंतु रूपक रचणाऱ्याने विंचू लागलेले माणूस जवळून पाहिले असावे, असे मला नेहमी वाटते.

कोणता विंचू?

आपल्याकडे साधारणपणे दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, थोराड. त्याला अनेक ठिकाणी इंगळी म्हणतात. त्याच्या पुढच्या नांग्या खेकड्यासारख्या जाडजूड असतात. दिसायला तो भयंकर, पण त्याचे विष तुलनेने सौम्य. दुसरा लहान, दोन-तीन इंचांचा, तांबूस किंवा पिवळसर तपकिरी. त्याच्या पुढच्या नांग्या बारीक आणि शेपूट मात्र जाड. हाच तो भारतीय लाल विंचू. आपल्या देशातील विंचूदंशाच्या मृत्यूंना प्रामुख्याने तोच जबाबदार आहे. ज्याची पकड दणकट त्याला विषाची गरज कमी, आणि ज्याची पकड नाजूक तो विषावर भिस्त ठेवतो, अशी ढोबळ खूणगाठ बांधता येते. मात्र विंचू ओळखण्यासाठी त्याला पकडून दवाखान्यात आणण्याचा खटाटोप करू नये. उपचार लक्षणांवरून ठरतात, विंचवाच्या रंगावरून नव्हे. आणि पकडण्याच्या नादात दुसऱ्या माणसाला दंश झाल्याचे मी पाहिले आहे.

शरीरात नेमके काय घडते?

आपल्या चेतातंतूंच्या आवरणावर सोडियमचे कण आत सोडणारी अतिसूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि दारे मिटतात. विंचवाच्या विषातील प्रथिने ही दारे वेळेवर मिटू देत नाहीत. परिणामी चेतातंतू थांबण्याचे विसरतात आणि संदेशांचा अखंड मारा सुरू होतो. ज्या चेतासंस्थेवर आपला ताबा नसतो, म्हणजे घाम, लाळ, नाडी, रक्तवाहिन्यांचे आकुंचन यांचे नियंत्रण करणारी संस्था, तिच्यात वादळ उठते.

या वादळाचे ढोबळमानाने दोन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात उलट्या, भरपूर घाम, तोंडाला लाळ सुटणे, कधी नाडी मंद होणे. मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता येते. हे शेवटचे लक्षण संकोचामुळे घरचे लोक सांगत नाहीत, पण निदानासाठी ते फार मोलाचे असते. म्हणून डॉक्टरांना ते जरूर सांगावे. दुसऱ्या टप्प्यात ॲड्रिनॅलिन व त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते. आवळलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. विषाच्या या माऱ्याने हृदयाचे स्नायूही दुबळे होतात. पुढे जाऊ न शकलेले रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि फुफ्फुसांच्या वायुकोशांत पाणी झिरपते. माझ्या त्या बालरुग्णाच्या तोंडाला आलेला फेस म्हणजे हेच पाणी.

दंशापासून इथपर्यंतचा प्रवास काही तासांत होतो. लहान मुलांचे वजन कमी; त्यामुळे विषाची मात्रा तीच असली तरी त्यांच्या शरीरात ती जास्त भरते. म्हणून मुले लवकर आणि अधिक गंभीर होतात.

उत्तर याच जिल्ह्यात सापडले

हे सारे आज पुस्तकात सरळ वाचायला मिळते. पन्नास वर्षांपूर्वी तसे नव्हते, आणि ते पुस्तकात येण्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणात आपल्या रायगड जिल्ह्याला जाते. जिते गावावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेला महाडला पोहोचतो. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातून आलेल्या या डॉक्टरांचे नाव हिम्मतराव बावस्कर. विंचूदंशाचे रुग्ण फुफ्फुसात पाणी भरून त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होते. त्या काळी विंचवावर प्रचलित औषधे म्हणजे ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीविरोधी इंजेक्शने. त्यांचा उपयोग होत नव्हता. ॲट्रोपिनने घाम थांबतो हे खरे, पण आधीच धावणारे हृदय आणखी धावू लागते.

बावस्कर रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान यांच्या नोंदी करत राहिले. कोणता रुग्ण दगावणार याच्या आगाऊ खुणा कोणत्या, हे त्यांनी या नोंदींतून हुडकले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात काम करताना त्यांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा मार्ग धरला. प्रथम नायट्रोप्रुसाइड. ते थेंबाथेंबाने शिरेतून द्यावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. खेडेगावात हे अवघड. नंतर प्राझोसिन. ही रक्तदाबाच्या रुग्णांसाठी वापरली जाणारी साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या ज्या कुलपात आपली किल्ली फिरवतात, त्या कुलपातच ही गोळी अडसर घालते. १९८६ साली याविषयीचे त्यांचे निवेदन ‘लॅन्सेट’मध्येच आले.

प्राझोसिनपूर्वीच्या काळात पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के नोंदले गेले होते. प्राझोसिनच्या वापरानंतर ते सुमारे एक टक्क्यावर आले. यंत्रसामग्री नाही, मोठी प्रयोगशाळा नाही. एक गोळी, एक रक्तदाबमापक आणि रात्रभर जागणारा माणूस. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र आपल्यापैकी काहींनी वाचलेही असेल.

माझ्या त्या मुलाला त्या रात्री मी प्राझोसिनच दिले. बावस्करांच्या कामाविषयी मी वाचले होते; गोळी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी कपाटात होती. वाचलेले वेळेवर आठवले नाही, हेच माझे चुकले. गोळी देऊन, प्राणवायू लावून आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत त्याचे हात उबदार झाले होते.

तपासण्या कोणत्या?

विंचवाचे विष रक्तात आहे की नाही, हे सांगणारी तपासणी आपल्या नेहमीच्या दवाखान्यांत उपलब्ध नसते आणि तिच्यावाचून अडतही नाही. निदान होते ते डोळ्यांनी आणि हातांनी. तळहात-तळपाय गार आहेत का, कपाळाला घाम आहे का, नाडी किती, रक्तदाब किती, श्वासाची गती किती. हे एकदा पाहून भागत नाही. सुरुवातीचे काही तास अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहावे लागते. रुग्णालयात ईसीजी काढतात; त्यात हृदयावर आलेला ताण दिसतो. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजतात. धाप असेल तर छातीचा एक्स-रे, आणि सोय असेल तेथे हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको.

रक्ताच्या तपासणीत साखर वाढलेली आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळू शकतात. ‘डॉक्टर, पोराला मधुमेह झाला का?’ असे एका आजीने मला घाबरून विचारले होते. नाही. उसळलेल्या ॲड्रिनॅलिनमुळे साखर तात्पुरती वाढते आणि वादळ शमले की उतरते.

उपचार

केवळ जागेवर वेदना असेल तर बर्फाचा शेक, पॅरासिटॅमॉलसारखी गोळी, आणि कळा असह्य असतील तर दंशाच्या जागी बधिरता आणणारे इंजेक्शन एवढे पुरते. त्या शेतकऱ्याला मी हेच केले होते आणि ते बरोबर होते.

घाम, उलट्या, गार हातपाय यांपैकी काहीही असेल तर प्राझोसिन सुरू करतात. मुलांमध्ये मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. आणि हातपाय उबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी ती पुन्हा देतात. मात्रेचा आकडा येथे दिला तो समजुतीसाठी. ही गोळी घरी आणून ठेवावी आणि स्वतःच द्यावी, असे कृपया करू नये. पहिल्या मात्रेने रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते, उचलून बसवायचे नाही, लघवीलाही चालवत न्यायचे नाही. उलट्या-घामाने शरीरातील पाणी गेलेले असते, त्याचीही भरपाई करावी लागते. हे सारे डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावे.

विंचवाच्या विषावरची प्रतिविषलसही आता उपलब्ध आहे. सर्पदंशाची लस वेगळी आणि ही वेगळी. सर्पदंशाच्या लसीचा विंचवावर काडीचाही उपयोग नाही. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. प्राझोसिनसोबत लसही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण. बरे होण्याचा सरासरी कालावधी सुमारे १८ तासांवरून ८ तासांवर आला. लस जितकी लवकर मिळेल तितका तिचा उपयोग अधिक. ती हाताशी नसली तर मात्र तिच्या शोधात वेळ दवडू नये. प्राझोसिन आधी सुरू व्हावे.

लहान मुलाला विंचू चावला आणि कोणतेच लक्षण नाही, तर काय? तरीही त्याला डॉक्टरांच्या निरीक्षणाखाली काही तास, शक्य तर २४ तास, ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. ‘एक रात्र फुकट गेली’ अशी कुरकूर मी आनंदाने ऐकून घेतो.

मंत्राला गुण का येतो?

विंचू उतरवणारी माणसे आपल्याकडे गावोगावी आहेत. कोणी मंत्र म्हणतो, कोणी चिंचोका उगाळून चिकटवतो, कोणी पाला चोळतो. त्यांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांतील अनेकजण एक पैसाही घेत नाहीत. आणि बहुतेकांना गुण येतो, हेही खरे आहे. कारण बहुतेक दंश सौम्य असतात आणि वेदना काही तासांत आपोआप ओसरते. दहापैकी नऊ जण ज्याने कशानेही बरे झाले असते, त्यांचे श्रेय मंत्राला मिळते. दहावा वाटेतच बिघडतो आणि तेव्हा त्याच्या नशिबाला बोल लागतो. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मांत्रिकाशी मी वर्षानुवर्षे एकच करार केला आहे : मंत्र अवश्य म्हणा, पण आधी हातपाय चाचपा. गार लागले तर गाडी मागवा, मंत्र गाडीत म्हणा. त्यांनी तो पाळला आहे.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने करकचून बांधणे यांपैकी काहीही करू नये; याने विष थांबत नाही, उलट जखम चिघळते. उलट्या होत असतील तर खायला देऊ नये. मुलाला चालवू नये, उचलून न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

एक इशारा येथे द्यायलाच हवा. अंधारात काहीतरी चावले आणि चावणारा दिसला नाही, तर ‘विंचूच असेल’ असे गृहीत धरू नये. मण्यार हा अतिविषारी साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पोटात कळा, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे ही त्याची लक्षणे. तेथे उपचार सर्वस्वी निराळे आहेत, आणि उशीर तितकाच घातक.

घर आणि शेत

विंचू निशाचर आहे. दिवसा तो गारव्याला, फटीत, ढिगाखाली दडतो. जुन्या कौलांचा ढीग, जळाऊ लाकडे, गोवऱ्या, पेंढ्याच्या गंजी आणि जोत्याच्या दगडांमधील फटी ही त्याची आवडती ठिकाणे. हे सामान घराच्या भिंतीला लागून रचू नये, आणि फटी सिमेंटने बुजवाव्यात. वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांना हे सांगताना माझीच जीभ जड होते, कारण त्यांचे घरच विटांच्या ढिगात असते. त्यांच्यासाठी निदान खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढे तरी मालकांनी पुरवावे.

चपला-बूट झटकून घालावेत. शाळेत जाणाऱ्या मुलांना ही सवय लहानपणीच लावावी. दांडीवर रात्रभर वाळत राहिलेले कपडेही झटकावेत. भाताचे भारे उचलताना हात आत घालण्यापूर्वी काठीने हलवून घ्यावेत. रात्री परसात जाताना विजेरी न्यावी. अतिनील प्रकाशाच्या विजेरीत विंचू हिरवट-निळा चमकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. अशी छोटी विजेरी बाजारात मिळते. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात झोपण्याआधी तिने एक फेरी मारली तर काय काय दिसते, याचे आश्चर्य वाटेल.

आणि दंश झालाच, तर निघताना दंशाची वेळ एका कागदावर लिहून घ्या. वाटेत किती उलट्या झाल्या, घाम केव्हा सुटला, हात केव्हा गार पडले, गावात आधी कोणते औषध दिले, तेही त्यावर टिपा. मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या बापाला हे काहीच आठवत नाही, आणि दार उघडणाऱ्या डॉक्टरला सर्वांत आधी तेच हवे असते.